दाजींच्या खिशातले फ्यूज

आमच्या दाजींच्या पँटच्या उजव्या खिशाकडं नवखा माणूस एकदा तरी टक लावून बघतोच. खिसा फुगलेला असतो, पँट त्या अंगाला खाली ओढलेली असते आणि दाजी चालले की आतून काहीतरी खडखडतं. हा माणूस घरच्या कपबश्या बरोबर घेऊन फिरतो की काय, अशी शंका येते. असतात ते फ्यूज. पांढरे, चिनी मातीचे, चांगले मुठीएवढे, आणि बहुतेक वेळा तीन.

दाजी म्हणजे हंबीरराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाचं ओतकाम करणारा एक कारखाना आहे, तिथले ते इलेक्ट्रिशियन. मी त्याच कारखान्यात स्टोअर सांभाळतो. ही नोकरी मला दाजींनी लावली, आणि हे विसरायची सवड त्यांनी मला आजवर दिलेली नाही. स्टोअरच्या खिडकीशी येऊन साधी चिकटपट्टी मागायची असली तरी, "काय पावणं, आमी लावल्याली खुर्ची बरी हाय न्हवं?" अशी सुरुवात असते. लग्नात कानपिळीच्या वेळी मी त्यांचा कान जरा जास्तच पिळला होता. त्याचा सूड चालू असावा.

आता फ्यूज खिशात कशाला, तर त्यामागं एक रीत आहे. कुठल्याही मशीनच्या वायरींना हात घालायचा म्हटला की आधी स्विच बंद करायचा. पण नुसत्या स्विचवर भरवसा ठेवायचा नाही. इकडं तुम्ही मोटारीत हात घालून बसलेले आणि तिकडं एखादा शहाणा "आरं, हे बंद कुणी केलं?" म्हणून खटका वर करायचा. म्हणून पॅनेलमधले, म्हणजे त्या मशीनच्या विजेच्या डब्यातले, तिन्ही फ्यूज उपसायचे आणि स्वतःच्या खिशात टाकायचे. मग कुणी कितीही खटके दाबोत, वीज यायची वाटच तुमच्या खिशात. काम संपलं की ज्यानं काढले त्यानंच जाऊन ते बसवायचे. आता यासाठी कारखान्यात कुलपं आणि लाल पाट्या आल्यात. दाजी कुलूपही लावतात आणि वर फ्यूजही खिशात टाकतात. "कुलपाला दुसरी किल्ली असती," ते म्हणतात, "माझ्या खिशाला न्हाय."

ही रीत त्यांना दिली मीरासाब वस्तादांनी. दाजी आजऱ्याकडून दहावी करून कोल्हापुरात आले तेव्हा त्यांना बल्ब बदलण्यापलीकडं काही येत नव्हतं. मीरासाब उद्यमनगरात कारखान्यांची कामं करायचे. दाजी पक्कड आणि शिडी घेऊन त्यांच्या मागून फिरू लागले. मीरासाबांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. ती कशी गेली हे विचारायची कुणाची छाती होत नव्हती. एकदा दाजींनी काढलेले फ्यूज दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात बसवायला दिले, तेव्हा वस्तादांनी त्यांना समोर बसवून आपणहून सांगितलं.

मीरासाबांचे वडीलही वायरमनच होते. बापलेक एकाच ठिकाणी कामाला. मीरासाब पट्ट्यावरच्या मोटारीचं काम करत होते. वडिलांना वाटलं, पोराचं काम उरकलं. दमलाय, पॅनेलपर्यंत त्याची खेप कशाला? म्हणून त्यांनी पोरानं तिथं ठेवलेले फ्यूज उचलले आणि बसवून टाकले. मोटार फिरली आणि पट्ट्यानं दोन बोटं नेली.

"दुश्मनानं न्हाय बसवलं, हंबीर," मीरासाब म्हणाले, "अब्बांनी बसवलं. मायेनं बसवलं. तवा ध्यानात ठेव, आपलं फ्यूज कुणाच्या हातात द्यायचं न्हाय. बापाच्या बी न्हाय."

या वाक्याची दाजींनी जन्माची गाठ मारून ठेवली. इतकी घट्ट, की पुढं सगळ्या पाहुण्यारावळ्यांना त्याचा ताप झाला.

पेठ वडगावच्या लग्नाची गोष्ट घ्या. सकाळी कारखान्याच्या पाण्याच्या पंपाचं काम होतं. ते उरकलं, तोवर आक्का नटूनथटून फाटकाशी उभी. तिच्या हाकांनी घायकुतीला येऊन दाजींनी हात धुतले, कपडे बदलले, जुन्या पँटमधल्या वस्तू सवयीनं नव्या पँटमध्ये टाकल्या आणि निघाले. तासाभरात कारखान्यात थेंबभर पाणी नाही. पंपाचं पॅनेल उघडून बघितलं तर तीन खाचा मोकळ्या. मला गाडीवरून पिटाळलं. मी मांडवात पोचलो तेव्हा दाजी फेटा बांधून पंगतीत बसलेले, ताटात नुकतीच जिलेबी पडलेली. मी म्हटलं, "दाजी, फ्यूज द्या."

त्यांनी खिसा चाचपला. चेहरा पडला. दुसऱ्या कुणी मुकाट्यानं फ्यूज काढून माझ्या हातावर ठेवले असते आणि जिलेबी खाल्ली असती. हे गृहस्थ ताटावरून उठले. "देतो कसा? मी काढल्यात, मीच बसवणार." फेट्यासकट माझ्या मागं गाडीवर बसले, कारखान्यात आले, फेट्यासकट पॅनेलपुढं उभे राहिले आणि फ्यूज बसवले. परत जाईपर्यंत नवरी सासरी निघाली होती. आक्कानं तोवर दोन्हीकडच्या वऱ्हाडाला सगळी हकीकत रंगवून सांगितली होती.

तशी त्यांची प्रत्येक खोड धंद्यातली आहे. तारेत वीज आहे असं गृहीत धरूनच जवळ जायचं, हात लावायची वेळ आलीच तर आधी उलटा हात, म्हणजे झटक्यानं मूठ तारेवर आवळत नाही, ही जुन्या लोकांची सवय. दाजी बाजारात टोमॅटोलाही आधी उलटा हात लावतात. मिक्सर चालू करताना डावा हात पाठीमागं, म्हणजे करंट छातीतून जायला नको. आणि एवढ्या मोठ्या इलेक्ट्रिशियनच्या न्हाणीघरातला दिवा दिवाळीपासून बंद आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथं दिवाच नाही.

अशा माणसाला बोलायला कुणीतरी ऐकणारं लागतं. आक्का ऐकत नाही आणि मी उलट बोलतो. राहिली त्यांची एकुलती एक लेक, सोनम. ती लहानपणापासून जेवताना सगळं ऐकायची. भाकरीचे तीन तुकडे म्हणजे तीन फेज, मधली आमटीची वाटी म्हणजे मोटार, कांदा म्हणजे स्टार्टर. दाजी शिकवत जायचे आणि शेवटी सगळा कारखाना खाऊन टाकायचे. आपण शिकवतोय आणि कुणीतरी शिकतंय, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

मागच्या महापुरात शिरोळच्या पाहुण्यांच्या गावात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर दाजी मदतीला गेले, सोनमही हट्टानं बरोबर गेली. गल्लीभर पाण्यातून काढलेल्या पंपांच्या मोटारी ओळीनं उन्हात मांडलेल्या, जशा लग्नघरी घागरी मांडतात. दाजी एकेक खोलायचे, सोनम धुऊन पुसून वाळवायची. एका घरात शिरताना तिनं उंबऱ्यातच थांबून विचारलं, "आबा, भिंतीत करंट असंल का?" दाजी तिथल्या तिथं खूश. "हात लावायच्या आदी इचारलीस न्हवं? झालीस तू वायरमन!" दहावी झाल्यावर पोरीनं तेवढंच धरून आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स घेतला.

दाजींनी नाही म्हटलं नाही. त्यांचा हिशोब वेगळा होता. आयटीआयमध्ये गेल्या गेल्या वीज दाखवत नाहीत, हातात कानस देतात आणि लोखंडाचा तुकडा सपाट होईपर्यंत घासत बसवतात. "हाताला फोड आलं की ईल घरला," असं त्यांनी मला खिडकीशी सांगितलं होतं. फोड आले, फुटले, घट्टे पडले. सोनम घरी आली नाही. दोन वर्षांत ती वायरिंग शिकली, जळालेल्या मोटारीत नवी तार भरायला शिकली, खांबावर चढली. नंतर एका सूतगिरणीत वर्षभर उमेदवारी केली. संध्याकाळी यायची तेव्हा केसांत एवढा कापूस असायचा की आक्का म्हणायची, आली माझी म्हातारी. मग वायरमनच्या लायसनची परीक्षा. दाजी स्वतः त्या परीक्षेला पहिल्या खेपेला तोंडीत नापास झाले होते, कारण परीक्षकांशी हुज्जत घातली. एवढा तोंडाळ माणूस तोंडी परीक्षेत पडलेला मी दुसरा पाहिला नाही. सोनम पहिल्या फटक्यात पास झाली. दाजींनी गल्लीभर पेढे वाटले.

इथवर सगळं गोड होतं. घोडं अडलं ते पुढं. दाजींचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि मालकांनी दुसरा इलेक्ट्रिशियन घ्यायचं ठरवलं. सोनमनं जेवताना सांगितलं, "आबा, मी येतो तुमच्या कारखान्यात."

दाजींच्या हातातला घास हातातच राहिला. "न्हाय."

का नाही, तर क्रेनवर चढावं लागतं. भट्टीची धग असते. सगळा गडीमाणसांचा कारभार. आक्का खवळली. "शिकवताना बरी जीभ चालत हुती तुमची! दुसऱ्याच्या कारखान्यात चालती, सूतगिरणीत चालती, आनि तुमच्यात काय वाघ हाईत?" दाजींनी ताट सारलं आणि अंगणात जाऊन बसले.

मालकांना मात्र सोनमच्या अर्जातली माहिती आवडली होती. त्यांनी दाजींना बोलावून सांगितलं, "एक दिवस येऊ दे तिला तुमच्या हाताखाली. संध्याकाळी तुम्ही हो म्हणालात तर दुसऱ्या दिवसापासून कामावर. नाही म्हणालात तर नाही. तुमचा शब्द शेवटचा." म्हणजे पोरीनं गाळलेला एवढ्या वर्षांचा घाम बापाच्या एका शब्दावर येऊन टांगला.

दाजी तिथून थेट माझ्या खिडकीशी आले. खुर्चीची चौकशी केली नाही, तेव्हाच मी ओळखलं. "उदय, त्या दिवशी सांजंला मी न्हाय म्हणून सांगणार हाय," ते म्हणाले.

मला राग आला. मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाची पोरगी असती तर?"

"तर हो म्हणलो असतो. तिच्यासारखी मिळायची न्हाय." ते खिशातले फ्यूज वाजवत उभे राहिले. "माझी हाय म्हणून भ्या वाटतंय मर्दा. तिला पक्कड धरल्याली बघितली की मला मीरासाबचा हात दिसतोय."

 

ठरल्या दिवशी सोनम निळा शर्ट घालून, वेणी हेल्मेटात कोंबून हजर झाली. दाजी तिच्यापुढं असे चालत होते, जणू ही कोण कुणाची. सकाळभर त्यांनी तिला ट्यूबलाइटी पुसायला लावल्या. तिनं पुसल्या. पंख्यांची जाळी साफ करायला लावली. तिनं केली. संध्याकाळी नाही म्हणायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून ते तिच्या मागं मागं फिरत होते आणि निमित्त काही सापडत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीआधी क्रेन बंद पडली. ही क्रेन छताखालच्या रुळांवरून चालते आणि वितळलेल्या लोखंडाची बादली उचलून साच्यांपर्यंत नेते. भट्टीत रस तयार होता, साचे मांडलेले होते, आणि क्रेन मध्येच ठप्प. तरणे सुपरवायझर पृथ्वीराज साहेब धावत आले. "हंबीरमामा, लवकर बघा, रस थांबायचा नाही!"

दाजींनी वर जायच्या शिडीकडं बघितलं. मग गुडघ्याकडं. एवढ्यात सोनम पॅनेलपाशी पोचलीही होती. तिनं स्विच पाडला, तिन्ही फ्यूज उपसून खिशात टाकले, कुलूप लावलं आणि शिडी चढायला लागली. चढताना तिची पँट उजव्या अंगाला खाली ओढली गेली होती. खाण तशी माती, दुसरं काय!

ती वर पोचली तसं ओतकामाचं सगळं खातं माना वर करून उभं राहिलं. दाजींचा आवाज सगळ्यात मोठा. "आदी मीटर लाव! मीटर! करंट न्हाय ह्येची खात्री कर!" तिनं मीटर लावून झालेला होता. "डाव्या अंगाचा डबा उघड!" तो उघडून झालेला होता. हादरे बसून बसून एका वायरीचं टोक सैल पडलं होतं आणि जळून काळं झालं होतं. तिनं ते कापलं, घासून लख्ख केलं, नवं टोक बसवलं, आवळलं, ओढून बघितलं. मग कठड्याशी येऊन ओरडली, "झालं!"

"झालं ना? मग करा चालू," पृथ्वीराज साहेब म्हणाले.

पण फ्यूज तिच्या खिशात. आणि ती वर. खाली यायचं तर सगळी लांबी चालून टोकाच्या शिडीपर्यंत जायचं, ती उतरायची आणि मग खातं ओलांडून पॅनेलपाशी यायचं. साच्यांपाशी कुणीतरी पुटपुटलं, "पोरीपायी येळ लागायलाय." ते दाजींच्या कानावर पडलं. आपल्या पोरीला आपण काहीही म्हणू, दुसऱ्यानं म्हटलेलं कुठल्या बापाला खपतं? ते क्रेनखाली गेले आणि त्यांनी दोन्ही हात वर पसरले.

"सोनम, टाक खाली फ्यूज! मी झेलतो. मी बसवतो. तू थांब तितंच, सारखी चढउतार नगं."

"न्हाय," सोनम वरून म्हणाली.

"आगं टाक की! मी हाय न्हवं हितं?"

"न्हाय आबा. मी येतो खाली. मीच बसवतो."

त्या खात्यात दाजींना नाही म्हणायची पद्धत नाही. साहेबसुद्धा जरा आडवळणानं म्हणतात. दाजींचा चेहरा लाल झाला, हात तसेच वर. "बापाला न्हाय म्हणतीस व्हय?"

सोनम कठड्याला धरून जरा खाली वाकली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "बापाच्या बी हातात न्हाय, तुमीच शिकवलंय. आनि आबा, तुमी मायेनं बसवशीला. त्येचंच भ्या हाय."

मी स्टोअरच्या दारात उभा होतो. मीरासाबांची गोष्ट मला आणि दाजींना ठाऊक होती. पोरीला ती ताटावर कधी सांगितली होती, हे बहुतेक दाजी स्वतःच विसरले होते.

ते हळूच हात खाली घेऊ लागले. क्षणभर त्यांनी स्वतःच्या पंजांकडं बघितलं, बोटं मिटली, उघडली. मग वळले आणि पॅनेलपाशी जाऊन त्याला पाठ लावून, हाताची घडी घालून उभे राहिले.

पृथ्वीराज साहेब घाईनं तिकडं गेले. "मामा, कुलपाची दुसरी किल्ली आहे, बाजूला अजून फ्यूजही आहेत ना, तेच बसवा की."

"साहेब," दाजी म्हणाले, "लेक खाली आल्याबिगर ह्या डब्याला कुणी हात लावायचा न्हाय. तुमी न्हाय. मी बी न्हाय."

सोनम सगळी लांबी चालली. शिडी उतरली. घाई केली नाही. एकेक पायरी, एक हात कायम दांडीवर. सगळं खातं तिची वाट बघत होतं आणि मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा दाजी गप्प राहून कुणाची तरी वाट बघत होते. ती पॅनेलपाशी आली. बाप अजून पाठ लावून उभाच.

"आबा, सरका की जरा."

दाजी सरकले. तिनं कुलूप काढलं, तिन्ही फ्यूज बसवले, स्विच वर केला. वर क्रेनची घंटा वाजली आणि बादली भट्टीकडं निघाली.

दुपारी चहाच्या गाड्यावर दाजींची जीभ परत आली. "परीक्षा घेतली तिची," ते चारचौघांना सांगत होते, "मुद्दाम म्हणलो, टाक फ्यूज. बघू देती का."

"मग घाम कशाचा फुटला होता?" मी विचारलं.

"भट्टीच्या धगीचा."

"भट्टी पलीकडच्या टोकाला हाय, दाजी."

त्यांनी माझ्या पुढ्यातला चहा उचलला आणि पिऊन टाकला.

सुट्टी व्हायच्या वेळी मालक आले. सोनम फाटकापाशी उभी होती, हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत, सोडत. मला दाजींनी खिडकीशी सांगितलेलं ते "न्हाय" आठवलं.

"काय हंबीरराव, कशी काय पोरगी?" मालकांनी विचारलं.

दाजी जमिनीकडं बघत होते. "उर्मट हाय," ते म्हणाले.

सोनमची बोटं थांबली.

"ऐकत न्हाय. चारचौघांत बापाला न्हाय म्हणली. फ्यूज मागितलं, तर दिलं न्हाईत."

मालक बिचारे हिशोबातले माणूस. ते गोंधळले. "मग? नको म्हणताय?"

दाजी एकदम उसळले. "नगं कशाला? आवं, बापाला सुदिक फ्यूज देत न्हाय ती! असलं माणूस गावात दुसरं हाय का दावा मला!" आवाज मोठा काढला होता, पण शेवटी तो चिरकला. मग ते कुणाकडंच न बघता गाडीकडं चालू लागले. मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.

गाडीला किक मारायच्या आधी दाजी थांबले, उजवा खिसा चाचपून आत फ्यूज राहिले नाहीत ना ते बघितलं आणि मला हाक मारली.

"पावणं, आक्काला फोन करा. म्हणावं, उद्यापासनं डबं दोन कर."